झरोक्याखालची शहाबादी

प्रिय सुमन,

घराच्या चौकटी, तुझा झोपाळा, गच्चीवरची टाकी, तळघराच्या अकरा पायऱ्या. सगळं मी माझ्या हातानं केलं, कोणाच्या हाताखाली न शिकता. पायऱ्यांत एका सुताचाही फरक नाही, आजही मोजून घ्यावं कोणी! राहिली ती फक्त तळघराची फरशी. उद्या घालायला घेतोय, म्हणून हे पत्र.

किती साधी मागणी होती तुझी! उन्हाळ्यात दुपारी पाठ टेकायला गार जागा. कूलरच्या घरघरीनं तुझं डोकं दुखायचं. तळघराला प्लास्टर झालं, पंखा फिरला, आणि फरशीपाशी मी अडलो. आपली काळी माती, खालून ओल येणारच. पावसाळ्यात कोब्यावर प्लास्टिक अंथरायचं, कडा चिकटवायच्या, आतून थेंब धरतात का ते बघायचं. असे तीन पावसाळे घालवले मी.

"अवो, फरशी लावता का तिले दहावीले बसवता?" तू विचारायचीस.

"ओल आली तं तूच बोलशीन मले!"

खरं सांग, बोलली असतीस का गं?

नमुन्याच्या चार फरश्या चार कोपऱ्यांत ठेवल्या होत्या. कोटा, मोझॅक, चकचकीत टाइल आणि शहाबादी. मी कामावर गेलो की तू खाली चटई टाकायचीस. तेलकट डोकं नमुन्यावर ठेवू नको, म्हणून मी एकदा खेकसलोही होतो. तुला कोणती आवडली, हे मात्र कधी विचारलं नाही. फरशीतलं मला कळतं ना! मनात टाइल ठरवूनच टाकली होती.

तिसऱ्या वर्षी प्लास्टिक कोरडं निघालं, तेव्हा तू दवाखान्यात होतीस. सांगायला आलो, तर तू झोपलेली. परत घरी आलीच नाहीस.

परवा टाइलची मापं घ्यायला उतरलो. धूळ पुसली. टाइलमध्ये तेल मुरतच नाही, ते सोड. पण कोटा कोरा होता, मोझॅकही कोरा. झरोक्याखालच्या शहाबादीवर तेवढा तुझ्या डोक्याएवढा काळपट गोल. एकदोन दुपारींचा नव्हे, रोजचा. माझं ऐकलं नाहीस ते बरं केलंस!

मी त्यावर डोकं टेकवलं. गार होती गं. बराच वेळ पडून राहिलो. उठवायला कोणी नव्हतं.

आता माझ्या कामात खोट काढणारंही कोणी नाही. फरशी दोन सूत चुकली, तर सांगेल कोण?

काल मानोऱ्याचा एक धान्यवाला आला होता. "भाऊ, फरशी कायले लावता? कोबाच राहू द्या, सोयाबीनचे पोते ठेवतो. तुमच्या तळघराले ओल नाही, साऱ्याले ठाऊक हाये. तसंबी खाली आता कोन राह्यते?"

सगळीकडे शहाबादीच बसवीन. तुझी फरशी झरोक्याखालीच राहील. तिला पॉलिश नाही, डागाला हात नाही. आणि खाली पोतं येणार नाही, हा माझा शब्द. महिना सात हजार देत होता, वर्षाचे आगाऊ. नाही म्हणालो.

तुझाच,
वसंता