खंडेनवमीला बंद केलेलं मशीन

कराड, दसरा, १९९६

प्रिय आम्रपाली,

सप्रेम जयभीम. तुझं पत्र परवाच मिळालं. त्याचं उत्तर शेवटी देते, आधी बहिणीचा पराक्रम ऐक.

आमच्या साखर कारखान्यात यंदापासून ऊसतोडीची पाळी काँप्युटर लावणार. ज्याची उसाची लागण आधी, त्याची तोड आधी, हा नियम जुनाच. पण रजिस्टरात वशिल्याची नावं वर सरकायची आणि हरणाबाईसारख्या एकट्या बाईचा ऊस उभा वाळायचा. मी सगळ्या नोंदी फायलीत टाइप करून ठेवल्या, पण त्या ज्यात घालायच्या तो डेटाबेस सुरूच होईना. मेमरी कमी, एवढंच म्हणायचा. पुण्याहून दोनदा जादा मेमरी आणून बसवली, तरी रडगाणं तेच. साहेबांनी बजावलं, दसऱ्यापर्यंत चाललं नाही तर पुन्हा रजिस्टर, आणि तू टायपिंगला.

आठवडाभर जाडजूड पुस्तकाशी झटले, तेव्हा उमगलं. मेमरी ढीगभर होती, परवानगी तोकडी होती. डेटाबेसच्या सगळ्या कामांना मिळून वापरायला सामायिक मेमरी लागते, आणि ती किती द्यायची याचा आकडा ऑपरेटिंग सिस्टिममध्ये लिहिलेला असतो. आमचा आकडा चिमूटभर. विहीर तुडुंब आणि पोहरा वाटीएवढा, मग काय होणार. आकडा वाढवून मशीन एकदा बंद-चालू करायचं, झालं. पण हजेरीचं काम त्यावरच चालतं, म्हणून कुणी बंद करू देईना.

काल खंडेनवमी. आपल्या घरी हा सण नाही, म्हणून ड्युटी माझ्यावरच. मशीनला झेंडूचा हार, वर नारळ, आणि हेडक्लार्क भाऊसो दारात. आज यंत्राचा इसावा हाय पोरी, हात लावायचा न्हाई, म्हणाले. मी म्हटलं, आवं भाऊसो, इसावाच देतेय, बंद करतेय. पुन्हा चालू करणार, तेवढं बोलले नाही.

मशीन उठलं आणि डेटाबेस पहिल्या हाकेला सुरू. अगं, मी खुर्चीतच रडले. यादी छापली, हरणाबाईचं नाव तिसरं. भाऊसोंनी ती दोनदा वाचली, नारळ तिथंच फोडला आणि पहिलं खोबरं मला दिलं. आज बॉयलर पेटवताना साहेबांनी सगळ्यांसमोर सांगितलं, स्वप्ना आता कायम.

आता तुझं. ऑपरेटिंग सिस्टिमच्या पेपरात नापास झालीस, म्हणून सांगलीचं कॉलेज सोडून मेढ्याला घरी परत निघालीस. आमू, त्याच पेपरात मीही नापास झाले होते, दोनदा. घरी सांगितलं नाही, तुलाही नाही. तू माझ्याकडे बघून शिकतेस, म्हणून लाज वाटली. चुकलं माझं. भरलेली बॅग रिकामी कर आणि परीक्षेचा फॉर्म आण. रविवारी मी सांगलीला येतेय, पहिल्या धड्यापासून बसू.

तुझीच,
दोनदा नापास झालेली ताई
स्वप्ना