घड्याळातली गुडगुड

२ मार्च

चि. चिमणी हिस,

दादाचे अनेक आशीर्वाद. वि. वि. इकडील सर्व क्षेम, असे लिहिण्याची रीत आहे म्हणून लिहितो. वस्तुस्थिती निराळी आहे.

शिक्षिकाबाईंचे भिंतीवरचे घड्याळ दुरुस्तीस आले आहे. ते टेबलावर ठेवून वाकून कान लावला, की आतून गुडगुड ऐकू येते. पुन्हा पुन्हा उघडले, चक्र न् चक्र पुसले, गुडगुड कायम. बाई म्हणाल्या की घड्याळ मागे पडते एवढीच त्यांची तक्रार होती, आवाज कधीच नव्हता. अर्थात माझे कान गेले. ज्याचे कान गेले त्याने स्वतःस घड्याळजी म्हणवून घेऊ नये. सबब दुकान शेजारच्या चष्मेवाल्यास देण्याचे ठरविले आहे. महिनाअखेरीस तो किल्ली नेईल.

आहाराविषयी तू विचारतेस. दुकानात चहा व बिस्किटे घेतो. सूनबाईंचा डाळ-भाजीचा डबा न उघडता परत जातो, कारण तेलकट बोटांनी चक्रांस शिवणे मी अधर्म मानतो. प्रातर्विधीविषयी लिहिणे सभ्यतेस सोडून आहे. शिवाय हल्ली लिहिण्याजोगे काही घडतही नाही.

लोभ करावा, अशी विनंती धाकट्या बहिणीस करणे शोभत नाही, तरी करतो.

तुझा, दादा


८ मार्च

ती. दादास चिमणीचा सा. न.

तुझं पत्र इस्पितळाच्या स्वयंपाकघरात मोठ्यानं वाचलं, तर आमच्या भांडेवालीच्या हातून पातेलंच निसटलं! अरे, गुडगुड घड्याळात नाही, तुझ्या पोटात आहे. तू वाकतोस, पोट टेबलाला दाबलं जातं आणि ते बिचारं बोलायला लागतं.

इथल्या आहारतज्ज्ञ बाई म्हणतात, आतड्यांत असंख्य बारीक जीव नांदतात. त्यांना भाज्या, डाळी, फळं, दही मिळालं की पोट खुशीत, आणि पोट खुशीत तर माणूसही खुशीत. तू त्यांना बिस्किटं घालतोस. ते बोंबलणार नाहीत तर काय टाळ्या वाजवतील? डबा खा, मग हात धू. जगात साबण निघाला आहे! पाणी पी, जरा चाल. हळूहळू वाढव हं, एकदम तुटून पडलास तर पोट बँड लावेल. आणि एवढं करूनही फरक नाही पडला, तर मुकाट्यानं डॉक्टरकडे जा.

तोवर किल्ली दिलीस तर माझ्याशी गाठ आहे. माया आहेच, डबा संपवलास की दुप्पट होईल.

तुझी, चिमणी


१३ मार्च

चि. चिमणी हिस आशीर्वाद.

तुझे पत्र उद्धट आहे. माझे पोट घरंदाज आहे. ते परक्याच्या घड्याळासमोर तोंड उघडणार नाही. तथापि शहानिशा करावी म्हणून घड्याळ बाजूस ठेवले व रिकाम्या टेबलावर कान टेकविला.

टेबल गुडगुडले.

टेबलास चक्रे नसतात, हे मान्य करणे भाग आहे. उद्यापासून डबा उघडीन. हे पत्र भांडेवालीस वाचून दाखवू नये.

दादा


३१ मार्च

चि. चिमणी हिस,

अनेक, किंबहुना भरघोस आशीर्वाद. आरंभी पोटाने खरोखरच बँड लाविला. सूनबाईंनी खिडक्या उघडल्या, परंतु एक शब्द बोलल्या नाहीत. त्या थोर आहेत. हल्ली मात्र प्रातर्विधी टपालापेक्षा नियमित आहे, झोप लागते, आणि काल काम करताना मी शीळ घातली, असा माझ्यावर आरोप आहे.

आज चष्मेवाला किल्लीसाठी आला. मी नकाराचे भाषण पाठ केले होते. तो म्हणाला की दिला शब्द फिरवणे तुम्हांला शोभत नाही. हे बोलणे वर्मी लागले. मी किल्ली त्याच्यापुढे धरली. तोच गुडगुड झाली. माझे पोट निर्दोष होते. टेबलही गप्प होते. मी पुढे होऊन त्याच्या सदऱ्यापाशी कान नेला व विचारले की सकाळपासून नुसत्या चहा-पावावर आहात ना. तो लाजून लाल झाला. मी त्यास बसविले व माझ्या डब्यातील निम्मी डाळ वाढली.

जेवून उठताना तो म्हणाला की एवढ्या तिखट कानांच्या माणसाचे दुकान घेतले तर गिऱ्हाईक मलाच हसेल. किल्ली ठेवा, उद्या डब्यात काय आहे तेवढे सांगा.

मी दोडका सांगितला आहे. तरीही तो येणार आहे.

तुझी माया दुप्पट झाल्याची पोच द्यावी.

तुझा,
दादा, घड्याळजी