उलटी बसलेली चकती

सोम. ३ नोव्हें. २००८, पुसेगाव
आधी सगळ्यांची तब्येत. सौ.चा खोकला उतरला. म्हैस खाऊन-पिऊन बराबर. माझं बीपी मला इचारत न्हाई, मी त्याला. सूनबाईचा, सुनंदाचा गुडघा मात्र तसाच. डॉक्टर म्हणे, टेकडी चढणं बंद. तिची अंगणवाडी तर टेकडीवरच्या वाडीत! सुटी रविवारी संपते. "जमलं न्हाई तर राजीनामा देते, मामा." हे म्हणताना खाली बघत होती.

पुण्याहून भाच्यानं, दिलीपनं, त्याची जुनी बॅटरीची सायकल धाडली, सुटे भाग करून. जन्मभर पंपाच्या जळक्या मोटारींत नवी तार भरली, ही मोटर तर मागच्या चाकात मावते. कागद इंग्रजी. चित्रं वाचली. पायडल फिरलं की मोटर चालू, थांबलं की बंद.

बुध. ५
जोडली. पायडलच्या दांड्यावर चुंबकांची चकती, शेजारी तिला बघणारा बारका डोळा. अंगणात पायडल मारून पोटऱ्या भरल्या, मोटर ढिम्म. मग सुनंदा. बसायच्या आधी आपण सगळेच करतो तसं तिनं पायाच्या बोटानं पायडल उलटं फिरवून वर आणलं, आन् सायकल सुटली ना हातातून! थेट कडब्यात.
"मामा, हिला कशाची एवढी घाई?"
सौ. दारातून, "म्हातारपणी घोडं पाळलं व्हय!"

गुरु. ६
चहा पिता पिता उजेड पडला. पुढं फिरवलं तर गप, मागं फिरवलं तर पळते. म्हणजे चकतीच उलटी! छापलेला बाण चिखलानं जाऊ नये म्हणून मीच ती बाजू आत घातली होती. शहाणाच मी. पलटली. पायडल जरा फिरलं, मोटर बोलली. गल्लीत तीन चकरा. सौ.नं नारळ फोडला, खोबरं पहिलं मला.

शनि. ८
टेकडी चढली! सुनंदा सायकलवर, मी मागं धापा टाकत. ह्या मोटरला पायाचा जोर मोजता येत न्हाई, पाय फिरतोय एवढंच कळतं. दिलीप म्हणतो, जोर मोजणाऱ्या भारी असतात. असतील. ही आमच्या गुडघ्याला जोर मागत न्हाई, हीच आमची लाडकी.
फक्त वळणावर शेळ्या तीनदा आडव्या आल्या. दरवेळी थांबली. चढावर परत सुटताना पहिला रेटा पायाचाच. दोनदा जमलं, तिसऱ्यांदा गुडघ्यात कळ आली. "काई न्हाई, मामा." मला दिसलं.

रवि. ९
सुनंदानं कोरा कागद मागितला. वाटलं, राजीनामाच लिहिते. म्हणली, लेकरांची हजेरी आखायची हाय.
उद्या शेळ्या कुठं असतील देव जाणे. दिलीपला पत्र लिहिलं, सकाळीच टाकतो: मुठीला पीळ दिला की पायडल न मारता मोटर चालू करणारी कळ असते म्हणे, आपल्या सायकलला बसंल का? नुसतं व्हय-न्हाई चालंल, पण बाबा, लौकर कळव.