टायटलच्या आधी मेलेला माणूस

६ जानेवारी, सोमवार
आजपासून रोजनिशी. फक्त स्वतःसाठी. उद्या नाव झालं की सुरुवात कशी झाली ते आठवायला बरं. वय सेहेचाळीस. फार उशीर झालेला नाही.
काम मिळालं! अंतराळयानावरची मालिका आहे, दर शनिवारी संध्याकाळी सात वाजता. माझं काम टायटल यायच्या आधी. पहिल्या तीन मिनिटांत मरायचं. दिग्दर्शक म्हणाले, ह्या तीन मिनिटांत प्रेक्षकाने रिमोट खाली ठेवला तर ठेवला, नाहीतर आपलं दुकान बंद. म्हणजे अख्खी मालिका माझ्या खांद्यावर.
ताईला फोन केला. ती म्हणाली, तीन मिनिटांसाठी दाढी केलीस का? मोठी बहीण. सोडून दिलं.

९ जानेवारी
शूटिंग, भाग पहिला. यानाच्या कँटीनमध्ये मी एकटा नाश्ता करतोय. हातातून चमचा सुटतो आणि खाली पडायच्या ऐवजी वर जातो. मग ताटली. मग मी. छताला पाठ लागते, गुदमरतो, डोळे उघडेच. धाडकन टायटल.
काय ओपनिंग आहे! लोक वर्षानुवर्षं विसरणार नाहीत.
मेल्यावर चाळीस सेकंद श्वास रोखायचा होता. अठराव्या सेकंदाला खोकलो. दोष माझा नाही, सेटवर धूर फार. संकल्प : रोज सकाळी श्वास रोखायचा सराव. महिन्याभरात नव्वद सेकंद.

१० जानेवारी
सराव नाही. सर्दी.

१८ जानेवारी, शनिवार
भाग लागला. बाबा आणि मी सोफ्यावर. बाबा एक्याऐंशीचे. जन्ममृत्यू नोंदणीच्या खिडकीवर पस्तीस वर्षं कारकून होते. हल्ली डोकं जरा दगा देतं. जेवल्याचं विसरतात, आई गेल्याचं विसरतात. मला मात्र कधी विसरत नाहीत. छोट्या कुठाय, छोट्या जेवला का, दिवसभर एवढंच.
पडद्यावर मी मेलो. बाबा ओरडले, अरे छोट्या! उठून टीव्हीकडे निघाले. मी हात धरून सांगितलं, बाबा, मी इथे आहे. माझा चेहरा दोन्ही हातांनी चाचपला आणि ढसाढसा रडले. रात्री जेवले नाहीत.
मला भरून आलं. पंचवीस वर्षं ह्या धंद्यात आहे, असा प्रेक्षक मिळाला नव्हता.

२१ जानेवारी
भाग दुसरा. लिफ्टचं दार उघडतं, पलीकडे मजलाच नाही, नुसतं काळं आकाश. मी घड्याळात बघत पाऊल टाकतो.
दिग्दर्शकांना विचारलं, पहिल्या भागात मी मेलोय ना, मग पुन्हा मीच कसा? म्हणाले, टायटलच्या आधीचा चेहरा कोणाच्या लक्षात राहत नाही हो, शिवाय मिशी लावू. विचार केला. ह्याचा अर्थ एकच : दर वेळी नवा माणूस उभा करायची ताकद त्यांना फक्त माझ्यात दिसते.
श्वास : बावीस सेकंद. प्रगती आहे.

२५ जानेवारी, शनिवार
आज मुद्दाम स्वयंपाकघरात थांबलो. शेजारी जिवंत बसून मी स्वतःच्याच परिणामावर पाणी ओततो, असं लक्षात आलं होतं.
बाहेर आलो तर बाबा टीव्हीच्या काचेवर तळहात ठेवून उभे. मी मागून हाक मारली, दचकले. विचारलं, तू कसा काय आलास? म्हटलं, स्वयंपाकघरातून. त्यांना पटलेलं दिसलं नाही.
मिशीतही ओळखलं मला! दिग्दर्शकांना सांगायला हवं.

२७ जानेवारी
ताई दुपारी आली. ती शेजारच्याच गल्लीत राहते, रोज एक वाजता बाबांचं जेवण आणि औषधं बघते. आज माझ्यावर घसरली. म्हणाली, डॉक्टरांनी सांगितलंय, त्यांना पडद्यावरचं आणि घरातलं वेगळं करता येत नाही. तू दर आठवड्याला त्यांच्या डोळ्यांसमोर मरतोस. लाज वाटू दे. शनिवारी टीव्ही बंद ठेव.
कबूल केलं. पुढच्या शनिवारपासून टीव्ही बंद. शब्द म्हणजे शब्द.

१ फेब्रुवारी, शनिवार
बाबांनी स्वतःहून मागितला. सात वाजले, लाव, म्हणाले. आता म्हातारपणी माणसाचं मन मोडायचं का?
(मी फक्त घड्याळ त्यांना दिसेल असं फिरवून ठेवलं होतं.)
भाग तिसरा चांगला होता. मी यानातला सफाई कामगार. फरशी पुसता पुसता ओली फरशी मलाच आत ओढून घेते. शेवटी नुसती बादली. बाबा ह्या वेळी रडले नाहीत. मी समोर जाऊन बसलो तर बराच वेळ बघत होते.

८ फेब्रुवारी, शनिवार
चौथा. हातमोज्याला टाचणीएवढं भोक, यानाबाहेर, हळूहळू मृत्यू. हा माझा सर्वोत्कृष्ट.
बाबांनी कॅलेंडरचं जुनं पान मागून घेतलं आणि पाठीमागे रेघा मारून लिहिलं : मृताचं नाव. वय. वेळ ७ वाजून ३ मिनिटं. ठिकाण, आकाश. कारण, हवा संपली. अक्षर अजून मोत्यासारखं. हाडाचा कारकून! पान फाइलमध्ये ठेवलं. वर्तमानपत्रात माझ्यावर अजून कोणी ओळ लिहिलेली नाही, ही पहिली.
झोपायला जाताना म्हणाले, तू त्याच्यासारखाच दिसतोस. थट्टा करायची सवय जुनीच.

१२ फेब्रुवारी
बाबा दोन दिवस हाक मारत नाहीत. अहो नाही, अरे नाही. काही हवं असेल तर माझ्याकडे बघतात, मी बघितलं की मान खाली. ताईला सांगितलं नाही, उगाच राईचा पर्वत करते. सर्दी वगैरे असेल.

१९ फेब्रुवारी
आज कागद आला. आमच्याकडे शूटिंगच्या आदल्या दिवशी असिस्टंट मुलगी सगळ्यांना फोनवर कागद पाठवते, कोणी किती वाजता यायचं. माझ्यापुढे नेहमी 'टा.आ.' असतं. टायटलच्या आधी. आज भाग सहासाठी लिहिलंय : 'टा.आ. + कंटि.'
कंटि.! कंटिन्यू! पाच वेळा वाचलं. मी टायटलच्या पुढे जाणार! वेळही सकाळी आठ ते संध्याकाळी सहा. मरायला कोणी दहा तास बोलावतं का?
असिस्टंटला फोन करून खात्री करून घ्यावी असं एकदा मनात आलं. पण हातच्या काकणाला आरसा कशाला? शिवाय विचारलं तर अधीर दिसतो.
दुसऱ्या एका मालिकेत पोलिसाचं काम आलं होतं, बारा दिवसांचं, संवादांसकट. नाही सांगितलं. आता कंटि. आहे.

१९ फेब्रुवारी, संध्याकाळ
बाबांना समोर बसवून सांगितलं. एक तारखेच्या भागात मी मरणार नाही. मरतोय असं वाटेल, पण टायटल होऊन जातील आणि मी उठेन. नीट ऐकलं त्यांनी. विचारलं, नक्की उठेल? म्हटलं, नक्की उठेन. किती दिवसांनी हसले. माझा हात हातात घेऊन म्हणाले, छोट्या.
ताईला कळवलं. ती म्हणाली, असं झालं तर बरंच होईल रे. ते परवा मला विचारत होते, तो घरात राहतो तो माणूस कोण.
हे मला आधी कोणी सांगितलं नव्हतं. असो. एक तारखेला सगळं जागेवर येईल. औषधापेक्षा हे बरं.

२० फेब्रुवारी
शूटिंग. आठला पोचलो. यानाचा लांब बोळ. मी कानाला काही ऐकू येतंय म्हणून थांबतो, वळतो, कोसळतो. साडेनऊला मेलो. मग उठायची वाट बघत पडून राहिलो.
दहाला नायक मला ओलांडून गेला. साडेदहाला नायिका. अकराला मी मान वर करून दिग्दर्शकांना विचारलं, मी कधी उठू? सगळं युनिट हसलं. असिस्टंट मुलगी येऊन उकिडवी बसली आणि हळू आवाजात समजावलं की कंटि. म्हणजे कंटिन्यूइटी. अख्खा भाग त्या बोळात घडतो, त्यामुळे प्रेत प्रत्येक शॉटमध्ये तिथेच आणि तस्संच दिसायला हवं. उजवा हात हलला होता माझा, तो तिने फोटोत बघून परत जागेवर ठेवला.
सहा वाजेपर्यंत पडून होतो. फरशी गार.
शांतपणे विचार केला तर बढतीच आहे. तीन मिनिटांवरून चाळीस. नायकापेक्षा जास्त वेळ मी पडद्यावर.

२१ फेब्रुवारी
ताईला सांगायचं राहिलं.

२२ फेब्रुवारी, शनिवार
पाचवा भाग. गेल्या शनिवारी क्रिकेटमुळे लागला नव्हता. बाबांना ताईने सातच्या आधी खाली बागेत नेलं. मी एकट्याने बघितला. एकट्याने बघायला मजा येत नाही.

२६ फेब्रुवारी
बाबांची तब्येत खणखणीत! दोन वेळा पोटभर जेवतात. ताई म्हणते, शनिवारच्या आशेवर आहेत. उठणार ना, असं रोज सकाळी विचारतात. मी हो म्हणतो. दुसरं काय म्हणणार.
संकल्प : शुक्रवारी खरं काय ते सांगून टाकायचं.

२८ फेब्रुवारी, शुक्रवार
सांगणार होतो. पण त्यांनी दाढी करून मागितली. उद्यासाठी. मीच करून दिली. हनुवटी वर करून डोळे मिटून बसले होते. अशा वेळी कसं सांगायचं?
उद्या सकाळी सांगतो. किंवा टीव्हीची वायर काढून ठेवतो, बिघडलाय म्हणून.

१ मार्च, शनिवार
वायर काढली होती. पावणेसातला मीच परत लावली. चाळीस मिनिटांचं काम आहे शेवटी, बाबांनी बघायला हवं असं वाटलं. मनात असंही होतं की आतापर्यंत त्यांच्या लक्षात राहिलं नसेल.
राहिलं होतं. इस्त्रीचा शर्ट घालून बसले होते.
सात वाजून तीन मिनिटांनी मी पडलो. टायटल. बाबा माझ्याकडे न बघता म्हणाले, आता उठेल. नायक आला, ओलांडून गेला. आता उठेल. नायिका आली. जाहिराती. जाहिरातींतही पडद्यावरची नजर हलवली नाही. ताई मध्येच आली, दारातूनच तिने पडदा बघितला, मग मला बघितलं. रिमोट घ्यायला गेली तर बाबांनी तिचा हात झटकला. म्हणाले, थांब, उठणार आहे, त्या माणसाने सांगितलंय.
त्या माणसाने. मी शेजारी बसलेला.
शेवटची नावं वर जायला लागली तेव्हाही मी मागे पडलेलाच होतो. बाबांनी शर्टाचं वरचं बटण काढलं आणि शांतपणे विचारलं, फॉर्म कुठे मिळेल?
ताईने रिमोट उचलून टीव्ही बंद केला. तिने शिव्या दिल्या असत्या तर बरं झालं असतं.

२ मार्च
अभिनय म्हणून बघितलं तर चाळीस मिनिटं एकदाही पापणी हलली नाही. श्वासही कुठे दिसला नाही. हे नोंदवून ठेवतो.
आज एवढंच.

५ मार्च
दिग्दर्शकांचा फोन. नव्या भागांत टायटलच्या आधी काही ठेवणार नाहीत म्हणे. प्रेक्षक ते पुढे पळवतात. थेट टायटलच येतील. त्या दुसऱ्या मालिकेवाल्यांना फोन करून पोलिसाच्या कामाचं विचारलं. ते गेलं.
संकल्प : आता घरीच थांबायचं. बाबांना रोज फिरायला न्यायचं, रोज मीच जेवण वाढायचं. माणूस रोज दिसला की ओळखतो. आठवड्याभरात फरक पडेल.

६ मार्च
फिरायला आले नाहीत. म्हणाले, तुम्हाला कशाला त्रास.
तुम्हाला. दिवसभर मी बरोबर ऐकलं का ह्याचा विचार करतोय. सेहेचाळीस वर्षांत त्यांनी मला एकदाही अहोजाहो केलेलं नाही.

७ मार्च
जुने फोटो दाखवले. शाळेचा, सायकलवरचा, आईबरोबरचा. एकेका फोटोवर बोट ठेवून त्यांनी मलाच माहिती दिली. हा आमचा छोट्या. हा आमचा छोट्या. फार गुणी होता.

९ मार्च, रविवार, सकाळ
आज ठरवूनच बसलो. चहा दिला आणि समोर खुर्ची ओढून सांगितलं, बाबा, मी छोट्या. ते खोटं होतं, पगार घेऊन मरत होतो. मी जिवंत आहे. हात लावून बघा. मी तुमचा मुलगा आहे, दुसरा कोणी नाही. बोलता बोलता मी रडायला लागलो. हे खरं रडणं होतं, कसं दिसत होतं माहीत नाही.
बाबांनी कप खाली ठेवला. पाठीवर हात फिरवला. अगदी मायेने. म्हणाले, खिडकीवर पस्तीस वर्षं बसलो, माणसं दुःखात काय वाट्टेल ते बोलतात, तुम्ही मनाला लावून घेऊ नका. तुम्ही त्याचे मित्र दिसता. तुमचा जीव होता त्याच्यावर.
मग विचारलं, तुमचे वडील आहेत का?
मी हो म्हटलं.
म्हणाले, मग इथे काय बसलात, घरी जा. वाट बघत असतील. शनिवारपासून घरी गेलेले दिसत नाही तुम्ही.
हाताला धरून दारापर्यंत आले. चपला दाखवल्या. मी चपला घातल्या.
जिन्यात बसून लिहितोय. आतून कडी लावली आहे, ताई एक वाजता येईल. दोनदा बेल वाजवली. बाबा दाराशी येऊन अदबीने विचारतात, कोण? दुसऱ्या वेळी मी म्हणालो, छोट्या.
बाबा दाराला तोंड लावून, मला लागू नये अशा बेताने, हळू म्हणाले, तो गेला हो.