टिश्यूची चार पाकिटं

बिशान, सिंगापूर
२२ जून २००८

तीर्थरूप सरोजिनी वहिनीस,

शिरीषचा साष्टांग नमस्कार. (कागदावरच. प्रत्यक्ष घातला तर उठवायला मीनलला यावं लागतं.) आम्ही तिघं खुशाल आहोत. तुझे गुडघे कसे आहेत? ‘बरे आहेत’ असं कळवू नकोस, ते तू दर रविवारी फोनवर सांगतेसच. खरं काय ते लिही.

तर आम्ही दोघं पोर्तुगालला जाऊन आलो. तू आली नाहीस ते उत्तम केलंस, एवढं सांगायलाच हे पत्र. फोनवर सांगितलं असतं, पण दोन मिनिटं झाली की तुझं दूध उतू जायला लागतं.

गेल्या वर्षी तुम्ही दोघं महिनाभर आमच्याकडे होता, तेव्हा दादा आणि मी ट्रॅव्हल फेअरला गेलो (फुकट छत्री मिळते म्हणून) आणि छत्रीसोबत ते चकचकीत माहितीपत्रक घेऊन आलो, आठवतंय? आल्गार्वचा किनारा, पंचतारांकित रिसॉर्ट, खोलीतून समुद्र. दादाने ते इतकं वाचलं की घडीवर फाटलं. पुढच्या मे महिन्यात आपण चौघं जायचं, असं त्याने जाहीर करून टाकलं. आणि जानेवारीत दादाच गेला. तू म्हणालीस, तुम्ही जाऊन या, मला आता समुद्र काय करायचाय. तेव्हापासून तू भाजी आणायलासुद्धा घराबाहेर पडत नाहीस, असं शेजारच्या प्रणिताने कळवलंय. (तिच्यावर चिडू नकोस, मीच खोदून विचारलं.)

आता रिसॉर्टबद्दल. पलंगावर नऊ उशा. मोजल्या मी. झोपायच्या आधी त्यातल्या सात उचलून खुर्चीवर ठेवायच्या आणि सकाळी खोली आवरणाऱ्या बाईंनी त्या परत पलंगावर रचायच्या, असा आमचा आणि त्यांचा आठवडाभर अबोल सामना चालला. शिवाय यापेक्षा वेगळी उशी हवी असेल तर निवडायला एक छापील यादी! आपण चौदा जण एका सतरंजीवर झोपलेली माणसं, वहिनी. मी त्या यादीखाली ‘नको’ असं मराठीत लिहून सही केली.

पहिल्याच दिवशी घोटाळा झाला. बिशानचा फ्लॅट काय नि तुझी मिरज काय, चपला दाराबाहेर. तशाच आम्ही तिथेही खोलीबाहेर ओळीने मांडल्या. सकाळी बघतो तर गायब! मीनलने पंचतारांकित चोर ठरवून टाकले. मी हॉटेलच्या पांढऱ्या सपाता घालून खाली तक्रार करायला गेलो, तर तिथल्या बाईंनी अशा दुःखाने ऐकून घेतलं की मलाच त्यांचं सांत्वन करावं लागलं. दुपारी एका तबकातून चपला परत आल्या. तिथे म्हणे जोडे दाराबाहेर ठेवले तर ते पॉलिश करून हवेत, असा अर्थ होतो. मीनलच्या रबरी स्लिपर्ससुद्धा धुऊन, पातळ कागदात गुंडाळून, वर रिबीन. माझ्या सँडल्स लखलखत होत्या. माझ्या म्हणजे दादाच्या. ‘पुढच्या वेळी लागतील’ म्हणून तो आमच्या रॅकवर ठेवून गेला होता ना, त्या. त्याने त्यांना जन्मात पॉलिश केलं नव्हतं. मी त्या हातात धरून बराच वेळ बसलो. वहिनी, मला फार रडू आलं. मीनलने नऊ उशांपैकी एक दिली.

दुसरा घोटाळा समुद्रावर. तिथे वाळूत लांबलचक पलंग मांडलेले असतात आणि पहिल्या रांगेसाठी सगळ्यांची धडपड. मी पक्का सिंगापूरकर. सहा वाजता जाऊन टिश्यूची पाकिटं ठेवून आलो. इथल्या हॉकर सेंटरमध्ये जेवायच्या टेबलावर पाकीट ठेवलं की ती जागा आपली, हे तुला माहीत आहे. (म्हणजे नंतर कळलं. पहिल्या दिवशी तू कुणाचं तरी पाकीट फोडून, त्यातल्याच टिश्यूने टेबल पुसून ऐसपैस बसली होतीस आणि ते चिनी आजोबा नूडल्सचा वाडगा धरून तुझ्याकडे बघत उभे होते.) नाश्ता करून येतो तर पाकिटं कचऱ्यात आणि पलंगांवर दुसरीच माणसं. सलग तीन दिवस! पलंग सांभाळणारे एक साठीचे गृहस्थ होते, त्यांना तो कचराच वाटत होता. घरी राहिलेल्या आमच्या क्षिप्राला फोनवर सांगितलं तर ती हसून आपल्या सिंगापुरी इंग्रजीत म्हणते, “पा, दॅट्स नॉट हॉकर सेंटर लाह!”

चौथ्या दिवशी मीनल त्या काकांना समजवायला गेली. त्यांना रीत पटली, पण त्यांनी विचारलं, तुम्ही दोघं, मग पाकिटं चार का? तेव्हा माझ्या लक्षात आलं की मी रोज चार ठेवत होतो. तुम्ही असताना महिनाभर हॉकर सेंटरमध्ये चारच ठेवायचो, हाताला तीच सवय लागलेली. मीनलने त्यांना काय सांगितलं कोण जाणे. दुसऱ्या सकाळी पहिल्या रांगेत चार पलंग, चार पाकिटं, उडू नयेत म्हणून प्रत्येकावर एक शिंपला. आमच्या शेजारचे दोन पलंग शेवटपर्यंत रिकामे राहिले. गर्दी होती, पण काकांनी कुणालाही तिथे बसू दिलं नाही.

तर एकूण काय, तू आली नाहीस ते बरंच झालं. ऊन फार, उशा फार, आणि समुद्र इतका निळा की डोळे दुखतात.

तुझ्या हातचं खाऊन वाढलेला,
शिरीष

ता. क. वरचा शेवटचा परिच्छेद साफ खोटा आहे. जागा फार सुंदर आहे, दादाने वाचून दाखवली होती अगदी तशी. पुढच्या मे महिन्याचं तिथे सांगून आलोय. तिघांचं.

ता. क. २. तुझा पासपोर्ट फेब्रुवारीत संपतोय. सोबत अर्ज आहे, पेन्सिलने फुली मारलीय तिथे सही कर. दिलीप नावाचे पासपोर्ट एजंट ७ जुलैला, सोमवारी, तो अर्ज न्यायला येतील. त्यांना नुसता चहा पाजून परत पाठवू नकोस. मला तू तिथे बसलेली बघायची आहेस, वहिनी. गुडघ्यांचं आपण बघू.

ता. क. ३. निघताना काकांनी दोन पाकिटं परत दिली, ती सोबत पाठवतोय. एक दादाच्या फोटोपाशी ठेव. दुसऱ्याने टेबल पुसू नकोस. ती तुझी जागा आहे.