पांढऱ्या पावाची पलटण

समुद्रकाठ, ऑक्टोबर १९४४

प्रिय ओटिली,

तुझा नवरा खुशाल आहे आणि चक्क पांढरा पाव खातोय! घाईघाईत उभारलेल्या आमच्या डिव्हिजनमध्ये सगळेच पोटाचे दुखणेकरी, म्हणून हे लाड. बाकीच्या पलटणी नुसत्या जळतात. पाव मात्र कच्चा असतो. तू आचाऱ्याला आपल्या बेकरीतून कधीच हाकललं असतंस.

शेजारच्या खाटेवरचा वेन्झेल म्हणतो, "गड्या, शत्रू आला तर ढेकरा देऊनच पळवू!"

भट्टीला लाकडं मिळतात ना? आपल्या छोट्या लीनाचा खोकला गेला का?

काल पहिल्यांदा तोफा ऐकू आल्या. आज डॉक्टरांनी कुणाच्या पोटाला हातही न लावता आम्हा सगळ्यांना ठणठणीत ठरवलं. उद्यापासून खंदक, आणि सगळ्यांसारखा काळा पाव.

तेव्हा माझ्या पोटाची काळजी आता सोड.

तुझाच,
आल्विन