बाहेर जाण्याची वेळ

मंगळवार, दुपारचे दोन
छापखान्याचं फाटक

चि. भिंगरीस,

अनेक आशीर्वाद. इकडे सगळं ठीक. आईचा गुडघा तिच्यासारखाच, मनात येईल तेव्हा कुरकुरतो. मला नवा चष्मा लागला.

तुझं तीन ओळींचं पत्र मिळालं. शुक्रवारी कागदाची रिळं घेऊन तू स्वतः ट्रक चालवत आमच्याच छापखान्यात येणार. ‘तुम्हाला चालणार नसेल तर दुसरा ड्रायव्हर पाठवायला सांगते. कळवा.’ आईला वाचून दाखवलं, तर म्हणाली, "आता तरी लिहा काहीतरी! नाहीतर मीच फाटकात जाऊन उभी राहते."

लिहायला बसलो, तर भलतंच सुचतंय. ऐक. आमच्याकडे सध्या इंग्रजी शब्दकोश छापतायत. बिघडलेली पानं मी डबा खाताना टेबलावर अंथरतो. काल डब्याखाली ‘वेट’ आला. वेट म्हणजे थांबणे, एवढं मलाही ठाऊक. ट्रकवाल्यांवर दिवसभर तेच तर ओरडतो. पण खाली बारीक अक्षरांत बरंच काही होतं. मुद्रितं तपासणाऱ्या बाईंना विचारलं.

त्या म्हणाल्या, "काका, हा जुन्या फ्रेंचमधून आलाय. तेव्हा त्याचा अर्थ थांबणं नव्हता, नजर ठेवणं, पहारा देणं असा होता. ‘वॉच’ आणि ‘वेक’, म्हणजे जागं असणं, ही त्याची भावंडं. पूर्वी तर पहारेकऱ्यालाच ‘वेट’ म्हणायचे."

मी उडालोच! एकतीस वर्षं या फाटकावर पहारा देतोय, म्हणजे मी क्रियापद आहे आणि कुणी सांगितलं नाही! जो भेटेल त्याला ऐकवलं. मशीनवाले आता मला ‘वेटसाहेब’ म्हणतात. आणि खरंच की गं, मराठीत आपणही वाट पाहतो. नुसते थांबत नाही, पाहतो.

गेल्या वर्षी मला मागच्या फाटकावर देत होते. सावली, पंखा, गादीची खुर्ची. मी नको म्हटलं. आईला सांगितलं, तिथे डास फार आहेत. डास कसले डोंबलाचे! तिथून बसथांबा दिसत नाही.

सात वर्षांपूर्वी तू इथेच निरोप घ्यायला आलीस आणि मी म्हणालो, "ट्रक चालवायला जातेस तर या फाटकात परत पाऊल टाकू नकोस." चुकलो, पोरी. तोंडातून निघालं तेव्हाच कळलं होतं, पण ताठा आडवा आला.

त्या दिवशी नोंदवहीत तुझं नाव लिहिलं होतं. आत येण्याची वेळ, दहा वीस. बाहेर जाण्याची वेळ लिहायला हात उचलला नाही. माझ्या सगळ्या नोकरीत तेवढी एकच जागा कोरी आहे. साहेबांनी झापलं, "ही बाई आत गेली ती बाहेर कधी पडली?" ‘चूक झाली’ म्हणालो. पण भरली नाही ती नाहीच. वही अजून कपाटात आहे. मधूनमधून काढून बघतो.

शुक्रवारी दुसरा ड्रायव्हर आला तर फाटक उघडणार नाही, सांगून ठेव तुझ्या मालकाला. हॉर्न एकदाच वाजव, इथे नियम आहे. आई तिघांचा डबा घेऊन येतेय, कालपासून तिचे पाय जमिनीवर नाहीत. आणि तुझी नवी नोंद मी करणार नाही. माझ्या वहीप्रमाणे तू बाहेर गेलेलीच नाहीस.

फाटकावर, डोळे उघडे ठेवून,
तुझे बाबा